फोन बोलेना, ठिणगी झोपेना

या, बसा हितं. गप बसायचं. मधी कुणी वरडलं तर गोष्ट पळून जाईल, मग मला सांगू नका.

तर एक व्हती ठिणगी.

ठिणगी म्हंजे कोंबडीचं पिलू. एवढंसं! मुठीत मावंल एवढं. रंग पिवळा. पाय काडीवानी. अन् राग? राग म्हशीएवढा!

जरा मनाविरुद्ध झालं की पाय आपटायची. थप! अन् वरडायची. पीव पीव पीव!

ठिणगी राहायची रानातल्या वस्तीवर, हौसाक्काच्या घरी. घरात माणसं दोनच. हौसाक्का, अन् तिचा नवरा दगडूतात्या. तात्या बी रागीट. ठिणगी रागीट, तात्या रागीट, अन् हौसाक्का बिचारी दोघांच्या मधी.

आता ठिणगीची आई कुठं?

आई व्हती उसनी. हां, उसनी! गावाकडं असंच असतंय. कोंबडी एकाची, अंडी दुसऱ्याची. पलीकडच्या वस्तीवरची कोंबडी आणायची. आपली अंडी तिच्याखाली ठिवायची. पिलं निघाली की वाटं करायचं. थोडी तुमची, थोडी आमची. तसं वाटं झालं. कोंबडी गेली आपल्या घरी, त्यांची पिलं मागं घिऊन. हिकडं राहिलं एकच.

ती ठिणगी.

पण हौसाक्का हुशार. कोंबडी जायच्या आधी तिनं कोंबडीचा आवाज फोनात भरून घेतला. आता रोज सांजच्याला फोन ठिवायची डाल्यात. डालं म्हंजे कोंबड्यांची टोपली. त्यात फोन बोलायचा, "कुर्र कुक कुक! कुर्र कुक कुक!" अगदी आईवानी. ठिणगी फोनाला चिकटायची. डोळं मिटायची. झोपली!

फोन तसा जुना. आधी लेकीचा. मग सुनेचा. मग तात्याचा. मग हौसाक्काचा. अन् आता ठिणगीचा. काचंला तडा गेलेला, पण बोलायचा खणखणीत.

एक दिवस फोन म्हणला, "टुंईंईं..."

अन् मुका झाला.

चार्जरला लावला. न्हाई बोलला. झटकला. न्हाई बोलला. तात्यानं फू करून फुंकर मारली. न्हाईच बोलला.

हौसाक्का म्हणली, "बॅटरी दमली त्याची."

तिनं बाजारातनं नवी बॅटरी आणली. आता काय अवघड हाय? झाकण काढायचं. जुनी बॅटरी बाहेर, नवी बॅटरी आत. झालं!

पण झाकणच निघंना. हौसाक्कानं नख लावलं. नख मोडलं. कट्!

"अवो, ह्या झाकणाला काय केलंय तुमी?"

"चिकटवलंय," तात्या म्हणला. "पंक्चरच्या सोलुशननं. नव्या फोनांची झाकणं बघ की, कशी घट्ट! म्हणलं आपलं बी घट्ट करावं."

"झाकण उघडायला असतंय! भाकरीच्या डब्याचं झाकण चिकटवता का? मग खाणार काय, डबा?"

"मला शिकवू नकोस! आज सांजच्याला भंगारवाला येतोय. तवर फोन बोलला तर बोलला. न्हाईतर दिला भंगारात!"

"बॅटरी दमली म्हणून अख्खा फोन भंगारात? चपलेचा अंगठा तुटला तर अंगठा बसवता, का चप्पल फेकता?"

"ते ऱ्हाऊ दे. आधी मला च्या दे!"

"च्या न्हाई! चूल थंड हाय!"

भांडत भांडत दोघं गोठ्याकडं गेली. फोन राहिला खाटंवर.

ठिणगीनं सगळं ऐकलं. भंगारात? आईचा आवाज भंगारात?

थप! पीव पीव पीव!

"मी बघतेच!"

निघाली ठिणगी. तुरुतुरु तुरुतुरु. खाटंवर चढली. तिथं खोक्यात नवी बॅटरी बसली व्हती, ऐटीत.

ठिणगी म्हणली,

"फोन बोलेना,
मला झोप येईना!
बॅटरीताई बॅटरीताई, आत बस की गं!"

बॅटरी म्हणली, "मी न्हाई बसत. जा!"

"का न्हाई?"

"झाकण बंद हाय. दार बंद असलं तर तू घरात शिरतीस का? आधी झाकणाला सांग."

थप! पीव पीव पीव!

निघाली ठिणगी. तुरुतुरु तुरुतुरु. गेली झाकणाकडं.

"बॅटरी बसेना,
फोन बोलेना,
मला झोप येईना!
झाकणदादा झाकणदादा, उघड की रं!"

झाकण म्हणलं, "मी न्हाई उघडत. जा!"

"का न्हाई?"

"मला काय हौस हाय व्हय आवळून बसायची? जीव गुदमरलाय माझा! सोलुशननं धरून ठिवलंय. आधी त्याला सांग."

थप! पीव पीव पीव!

निघाली ठिणगी. तुरुतुरु तुरुतुरु. झाकणाच्या फटीत डोकावली. तिथं सोलुशन. वाळलेलं. आळशी. बोलायचं बी चिकट चिकट.

"झाकण उघडेना,
बॅटरी बसेना,
फोन बोलेना,
मला झोप येईना!
सोलुशना सोलुशना, सूट की रं!"

सोलुशन म्हणलं, "मीऽऽ न्हाईऽऽ सुटतऽऽ. जाऽऽऽ!"

"का न्हाई? लौकर बोल!"

"थंडीनंऽऽ आखडलोयऽऽ. ऊन ऊन फडक्यानं शेकाऽऽ, मग सुटतोऽऽ. आधी फडक्यालाऽऽ सांगऽऽऽ."

थप! पीव पीव पीव!

निघाली ठिणगी. तुरुतुरु तुरुतुरु. खाटंवरनं उडी मारली. टुप्! गेली फडक्याकडं. फडकं खुंटीवर लोंबत व्हतं. तात्याच्या गुडघ्याला शेकायचं फडकं ते.

"सोलुशन सुटेना,
झाकण उघडेना,
बॅटरी बसेना,
फोन बोलेना,
मला झोप येईना!
फडक्या फडक्या, ताप की रं!"

फडकं म्हणलं, "मी न्हाई तापत. जा!"

"का न्हाई?"

"कशावर तापू? तुझ्या डोक्यावर? तेवढं गरम हाय खरं! पण मला चूल लागती. आधी चुलीला सांग."

ठिणगीला असला राग आला, असला राग आला! थप! थप! पीव पीव पीव!

निघाली ठिणगी. तुरुतुरु तुरुतुरु. गेली चुलीकडं. चूल गार. आत राख, अन् राखंत मांजर झोपलेलं. ठिणगीनं मांजर बघितलं. जरा लांबच उभी राहिली. अन् हळूच म्हणली,

"फडकं तापेना,
सोलुशन सुटेना,
झाकण उघडेना,
बॅटरी बसेना,
फोन बोलेना,
मला झोप येईना!
चुलीबाई चुलीबाई, पेट की गं!"

चूल म्हणली, "मी न्हाई पेटत. जा!"

"का न्हाई?"

"पोटात काय न्हाई माझ्या. सकाळपास्नं उपाशी हाय. शेणी घाल, मग पेटते. आधी शेणीला सांग."

शेणी म्हंजे शेणाची वाळलेली गोवरी. चुलीचा खाऊ तो.

ठिणगीनं पाय उचलला. मांजराकडं बघितलं. पाय हळूच खाली ठिवला. बाहेर आली, अन् मग आपटला. थप! पीव पीव पीव!

निघाली ठिणगी. तुरुतुरु तुरुतुरु. गेली शेणीच्या खोपीकडं. खोप म्हंजे एवढीशी झोपडी. आत शेणीवर शेणी, शेणीवर शेणी. ठिणगी फटीतनं आत शिरली.

"चूल पेटेना,
फडकं तापेना,
सोलुशन सुटेना,
झाकण उघडेना,
बॅटरी बसेना,
फोन बोलेना,
मला झोप येईना!
शेणीबाई शेणीबाई, बाहेर नीघ की गं!"

शेणी म्हणली, "मी न्हाई निघत. जा!"

"का न्हाई?"

"निघू कुठनं? दारात बघ की! म्हैस बसलीय आडवी. दार दिसतंय का तरी? आधी म्हशीला सांग."

थप! पीव पीव पीव!

निघाली ठिणगी. तुरुतुरु तुरुतुरु. फटीतनं बाहेर. अन् बघती तर काय!

खोपीच्या दारात म्हैस. केवढी म्हैस! ह्या चौकटीपास्नं त्या चौकटीपतूर नुसती म्हैस. पुढनं तात्या दावं ओढतोय. मागनं हौसाक्का ढकलतीय.

"उठ की गं म्हशे!" तात्या वरडला. "दुपारपास्नं च्या न्हाई माझ्या पोटात!"

"अवो, तिच्यावर वरडू नका. तुमच्यावर वरडल्यावर तुमी उठता का?"

"मी उठतो!"

"मग मघाशी खाटंवरनं उठला का न्हाई?"

म्हैस ढिम्म. डोळं मिटून रवंथ करतीय. कचर कचर. कचर कचर.

ठिणगी म्हशीच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली. म्हशीनं श्वास सोडला, फूंऽऽ! ठिणगी उलटीपालटी झाली. उठली. पंख झटकलं. अन् म्हणली,

"शेणी निघेना,
चूल पेटेना,
फडकं तापेना,
सोलुशन सुटेना,
झाकण उघडेना,
बॅटरी बसेना,
फोन बोलेना,
मला झोप येईना!
म्हशीमावशी म्हशीमावशी, उठ की गं!"

म्हैस म्हणली, "मी न्हाई उठत. जा!"

"का न्हाई?"

"कानामागं गोचीड बसलीय. कडाकडा चावतीय. बगळा येऊन ती काढंल, तवाच उठंन. तवर हा तात्या वरडू दे किती वरडायचा ते. आधी बगळ्याला सांग."

थप! पीव पीव पीव!

निघाली ठिणगी. तुरुतुरु तुरुतुरु. लांब जायचं व्हतं. ज्वारीच्या रानातनं. बांधावरनं. पाटाच्या पाण्याकडं. धापा लागल्या. दिवस खाली चालला. अन् लांबनं, लई लांबनं, आवाज आला,

"भंगाऽऽर! डबा, बाटली, जुनंपानं, भंगाऽऽर!"

आला की भंगारवाला! ठिणगी आणखी पळाली. तुरुतुरुतुरुतुरुतुरु!

पाटात बगळा उभा. एका पायावर. डोळं मिटलेलं.

ठिणगी म्हणली, एका दमात,

"म्हैस उठेना,
शेणी निघेना,
चूल पेटेना,
फडकं तापेना,
सोलुशन सुटेना,
झाकण उघडेना,
बॅटरी बसेना,
फोन बोलेना,
मला झोप येईना!
बगळेदादा बगळेदादा, ये की रं!"

बगळ्यानं एक डोळा उघडला. "मी न्हाई येत. जा!"

"का न्हाई?"

"मी मासा बघतोय. अन् काय गं, गोचीड काढायला मी कशाला पायजे? माझ्या तोंडाला चोच हाय. तुझ्या तोंडाला काय हाय? शेंगदाणा?"

ठिणगीनं पाय उचलला. आता आपटणार...

आपटलाच न्हाई.

तिनं आपल्या तोंडाकडं बघितलं. दोन्ही डोळं नाकाशी आणून बघितलं. तिथं एक व्हती. एवढीशी. टोकदार. पिवळी.

"चोच!" ठिणगी म्हणली. "अगं बया! मला बी चोच हाय!"

अन् फिरली माघारी! तुरुतुरुतुरुतुरु! पाटावरनं. बांधावरनं. ज्वारीच्या रानातनं. थेट म्हशीकडं!

म्हशीच्या शेपटीवर चढली. तुरुतुरु. पाठीवर चढली. तुरुतुरु. मानंवर चढली. तुरुतुरु.

"अगं हौसे, ती बघ ठिणगी! पडंल की!" तात्या वरडला.

"गप बसा! तिला काम करू द्या!"

ठिणगी कानाशी गेली. कानामागं बघितलं. तिथं गोचीड. गरगरीत. टम्म!

टच्!

गट्!

खाल्ली की गोचीड! अन् ठिणगी म्हणली, "चांगली हाय! आणखी हाय का?"

म्हैस म्हणली, "हाऽऽऽ! बरं वाटलं गं बाई!"

अन् काय झालं?

म्हैस उठली. धडाम् धुडूम!

ठिणगी पाठीवरनं घसरली. घर्रर्र, टुप्! तात्याच्या टोपीत!

म्हैस उठली, तशी शेणी निघाली. ठप ठप ठप! हौसाक्कानं भरली पाटी, अन् पळाली घरात.

शेणी निघाली, तशी चूल पेटली. भडभड भडभड! मांजर पळालं. म्याँव!

चूल पेटली, तसं तात्यानं आधी च्याचं आधण ठिवलं. अन् मग गुडघा चोळत बसला. "हौसे, फडकं तापव. गुडघा शेकायचाय."

फडकं तापलं. ऊन ऊन, पण हाताला सोसंल एवढंच.

तेवढ्यात दारात भंगारवाला. "भंगाऽऽर! तात्या, फोन देणार व्हता न्हवं? द्या लौकर. अंधार पडायच्या आत मला घरी जायचंय."

तात्यानं खाटंवरच्या फोनाकडं हात लांब केला. ठिणगीनं टोपीतनं मारली उडी. टुप्! बसली फोनावर. पंख पसरलं. चोच वर केली.

पीव पीव पीव!

"अगं बाजूला सर!" तात्या म्हणला.

टच्! ठिणगीनं तात्याच्या बोटाला चोच मारली.

"आई गं! चावती की ही!"

"चावंलच! तिच्या आईचा आवाज हाय त्यात!" हौसाक्का म्हणली. "अवो भंगारवाले, जरा दम धरा. च्या घ्या." मग ती ठिणगीजवळ बसली. ठिणगी फडक्याकडं बघती, झाकणाकडं बघती. फडक्याकडं बघती, झाकणाकडं बघती. "काय गं ठिणगे? गुडघ्याला शेकतात तसं झाकणाला शेकू व्हय?"

"पीव!"

"अन् माझा गुडघा?" तात्या वरडला.

"गुडघा कुठं पळून चाललाय?"

हौसाक्कानं फडकं झाकणावर ठिवलं. हळू. जरा दाबलं. जरा उचललं. परत ठिवलं.

फडकं तापलं, तसं सोलुशन सुटलं. "सुटलोऽऽ बाबाऽऽ!"

सोलुशन सुटलं, तसं झाकण उघडलं. हौसाक्कानं दुसरं नख लावलं. टक्! "हुश्श!" झाकण म्हणलं. "वारा लागला बघ अंगाला!"

झाकण उघडलं, तशी जुनी बॅटरी बाहेर आली. हौसाक्कानं ती डबीत ठिवली. पोरांनो, नीट ऐका. दमलेली बॅटरी चुलीत टाकायची न्हाई, उकिरड्यावर फेकायची न्हाई. मोठ्या माणसानं दुकानात नेऊन द्यायची.

अन् नवी बॅटरी बसली. टप्प! ऐटीत!

आता सगळी गप. तात्या गप. भंगारवाला गप. म्हैस बी दारातनं मुंडकं घालून गप. ठिणगी तर श्वास बी घेईना.

हौसाक्कानं बटण दाबलं.

काय न्हाई.

परत दाबलं. दाबून धरलं.

टिंग टिंग टिडिंग!

"कुर्र कुक कुक! कुर्र कुक कुक!"

"पीव!" ठिणगी उडाली की वर! खरंच उडाली! अन् फोनाभवती गरागरा फिरली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

भंगारवाल्यानं कपाळाला हात लावला. "ह्यो तर बोलतोय! तात्या, बोलता फोन कुणी भंगारात देतं व्हय?"

तात्या म्हणला, "मी कुठं देत व्हतो? ही हौसाच म्हणत व्हती!"

"काय म्हणलात?" हौसाक्का म्हणली.

"काय न्हाई. च्या झाला का बघत व्हतो."

च्या झाला. सगळ्यांनी प्याला, फूर्र फूर्र. भंगारवाला गेला. जाताना एक फुटका तांब्या तेवढा मिळाला त्याला. झाकण हौसाक्कानं नुसतं दाबून बसवलं. टक्! काढायचं तवा काढा, घालायचं तवा घाला.

दिवस बुडाला. हौसाक्कानं फोन डाल्यात ठिवला. ठिणगी आत शिरली. फोन ऊबदार. ठिणगी त्याला चिकटली.

आता ठिणगी काय म्हणली?

"गोचीड निघाली,
म्हैस उठली,
शेणी निघाली,
चूल पेटली,
फडकं तापलं,
सोलुशन सुटलं,
झाकण उघडलं,
बॅटरी बसली,
फोन बोलला,
मला झोप आ..."

झोपली! बोलता बोलता झोपली!

"कुर्र कुक कुक," फोन बोलत राहिला. "कुर्र कुक कुक."

अन् घुर्रर्र, घुर्रर्र, ह्यो कसला आवाज? हौसाक्कानं वळून बघितलं. खाटंवर तात्या. तोंड उघडं, टोपी नाकावर. फोनाचा आवाज ऐकून त्यो बी झोपला व्हता.

हौसाक्कानं एक गोधडी तात्यावर टाकली. एक फडकं डाल्यावर टाकलं. अन् दिवा बारीक केला.

एवढीच गोष्ट. पिलू निजलं, तात्या निजला, म्हैस बी निजली. आता तुमी कशाला जागं? मिटा डोळं!